अमरावतीहून मुंबईत: आधी स्टेशन ठरवलं, मग घर

फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस माझ्या बदलीची ऑर्डर आली. अमरावतीच्या शाखेतून थेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात, म्हणजे सगळे ज्याला बीकेसी म्हणतात तिथे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. नवऱ्याच्या कंपनीचं ऑफिस ऐरोलीला. तो इतकी वर्षं घरूनच काम करत होता, पण आठवड्यातले तीन दिवस तरी ऑफिसात या, असा त्याच्या कंपनीचाही तगादा सुरू झाला होता. लेक चौथीतून पाचवीत जाणार होती. सासूबाई आमच्याबरोबर राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवीच.

ऑर्डर हातात आल्यावर पहिली रात्र मला झोप लागली नाही. अमरावतीत माझं ऑफिस स्कूटीवर बारा मिनिटांवर होतं. मुंबईच्या लोकलमध्ये मी याआधी चढले होते ती लग्नकार्याला, दुपारच्या वेळी, रिकाम्या डब्यात. सकाळी साडेआठची गर्दी मी फक्त टीव्हीवर पाहिली होती. ज्यांना असंच बाहेरगावाहून मुंबईत यायचं आहे आणि कुठल्या उपनगरात घर घ्यावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

बातमी नातेवाइकांत पसरली तसा सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आत्याचं म्हणणं बोरिवली, कारण त्या तिथे तीस वर्षं राहतात. मावसबहीण म्हणाली डोंबिवली, घरं स्वस्त आणि आपली माणसं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने खारघर सुचवलं, रुंद रस्ते आणि मोकळी हवा. दलालांचे फोन यायला लागले ते सगळे घोडबंदर रोडचे. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी खरं होतं. पण त्यांच्यापैकी कोणालाही एकाच घरातून बीकेसी आणि ऐरोली अशा दोन दिशांना रोज जायचं नव्हतं.

म्हणून आम्ही भाड्याच्या जाहिराती बाजूला ठेवल्या आणि रेल्वेचा नकाशा पुढ्यात घेतला. बीकेसीला जवळची लोकल स्टेशनं म्हणजे पश्चिम रेल्वेवर वांद्रे आणि मध्य रेल्वेवर कुर्ला. शीवही फार लांब नाही. कुर्ल्याला मध्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात. ऐरोली ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर आहे; ठाण्याहून निघालं की दिघा गाव आणि मग ऐरोली. एवढं लक्षात आल्यावर बोरिवली आपोआप बाद झाली. मला वांद्रे सोपं पडलं असतं, पण नवऱ्याला ऐरोली गाठताना अर्धी मुंबई पालथी घालावी लागली असती. उरली ती ठाणे, मुलुंड, डोंबिवली आणि खारघर.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मोबाइलवरचा नकाशा रविवारी दुपारी घरबसल्या बघितलात तर तो रविवार दुपारचाच वेळ सांगेल. त्यात निघण्याची वेळ बदलता येते. मंगळवार किंवा बुधवार सकाळचे सव्वाआठ टाका. तरीही रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी आणि चढता न आल्यामुळे सोडून द्यावी लागलेली गाडी यांचा हिशोब नकाशा करत नाही. तो स्वतः जाऊनच करावा लागतो.

होळी आटोपल्यावर मार्चच्या मध्यात मी रजा टाकली आणि अंबा एक्स्प्रेसने आले. मुक्काम डोंबिवलीला मावसबहिणीकडे. ठरवलं असं, की ज्या ज्या ठिकाणी घर घेण्याचा विचार आहे तिथून ऑफिसच्या वेळेला निघायचं, बीकेसीच्या गेटपर्यंत जायचं आणि संध्याकाळी सहाला तिथून परत यायचं. एका वहीत वेळा लिहायच्या: घराचं दार, प्लॅटफॉर्म, गाडीत पाय, कुर्ला, ऑफिसचं गेट. मला हे थोडं अतिच वाटत होतं. पण घर एकदा घेतलं की निदान अकरा महिने ते बदलता येत नाही, म्हणून केलं.

पहिला दिवस डोंबिवलीचा. बहीण म्हणाली, ‘ताई, पर्स पुढे घे, ओढणी आत खोच, आणि माझ्या मागे राहू नकोस, शेजारी राहा.’ सव्वाआठची वेळ. प्लॅटफॉर्मवर लेडीज डबा जिथे येतो तिथे बायका चार-चारच्या ओळीत उभ्या. गाडी कल्याणहून आली ती दारापर्यंत भरलेली. थांबायच्या आधीच आतल्या बायकांच्या पिशव्या बाहेर डोकावत होत्या. बहीण आत गेली, मी राहिले. पुढचीही गाडी सोडली. तिसऱ्या गाडीत मागच्या बायकांनीच मला आत लोटलं. आत गेल्यावर हात खाली करायला जागा नव्हती. मोबाइल वाजत होता तो काढता येईना.

आणि तरीही त्या डब्यात एक व्यवस्था होती. माझ्या पुढ्यात बसलेल्या बाईंना एकीने विचारलं, ‘कुठे?’ त्या म्हणाल्या, ‘घाटकोपर.’ झालं, ती सीट तिची झाली. तिच्यानंतर कोणी विचारलं तर बसलेल्या बाईच सांगायच्या, ‘दिलेली आहे.’ तीन जणींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते आणि मध्ये कोणी न सांगता उठून उभ्या असलेलीला थोडा वेळ बसायला देते. मला कुर्ल्याला उतरायचं आहे कळल्यावर दोघींनी मला ठाण्यापासूनच दाराच्या बाजूला सरकवायला सुरुवात केली. ‘घाटकोपर गेलं की लगेच दारात या, कुर्ला डाव्या बाजूला की उजव्या ते विचारून ठेवा.’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. लोकलमध्ये नवं असाल तर विचारायला लाजू नका, सांगणारे पुष्कळ भेटतात.

डोंबिवलीच्या काही बायका गर्दी टाळायला उलट्या गाडीने आधी कल्याणला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. त्यासाठी पास कल्याणपासूनचा हवा, नाहीतर दंड भरावा लागतो. शिवाय रोज अर्धा तास जास्त. बहीण दहा वर्षं हेच करते आहे. तिच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार, पण सकाळी लेकीचा डबा, शाळेची बस आणि सासूबाईंची औषधं सांभाळून मला ते जमलं नसतं.

कुर्ल्याला उतरल्यावर खरं घोडं अडलं. आतापर्यंत सगळे सांगत होते ते गाडीचं. कुर्ला स्टेशन ते बीकेसी याबद्दल कोणीच बोललं नव्हतं. पश्चिमेला बाहेर पडलं की शेअर रिक्षांची रांग. बेस्टची 310 नंबरची बस आहे, ती कुर्ला स्टेशनहून बीकेसीतून वांद्र्याला जाते. अंतर तीन-चार किलोमीटर. पण शीवचा रेल्वेवरचा जुना पूल ऑगस्ट 2024 पासून वाहतुकीला बंद होता आणि तिकडची वाहनंही या बाजूला वळलेली. त्या दिवशी रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटं आणि रिक्षात पंचवीस मिनिटं गेली. डोंबिवली ते कुर्ला जितका वेळ, जवळजवळ तितकाच या शेवटच्या टप्प्याला. घराच्या दारापासून ऑफिसच्या गेटपर्यंत एक तास पन्नास मिनिटं.

मी गेटपाशी उभी राहून वही बंद केली आणि डोळ्यांत पाणी आलं. हे रोज, दोन्ही वेळा, आणि घरी पोचल्यावर स्वयंपाक. त्या क्षणी बदली रद्द करून घेण्याचा अर्ज मनात तयार होता. नवऱ्याला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, ‘अजून तीन ठिकाणं बघायची आहेत ना? मग आत्ताच काही ठरवू नकोस.’

खारघर तुलनेने सुखाचं निघालं. पनवेलहून येणारी गाडी, बसायला नाही पण नीट उभं राहायला जागा, आणि वाशीच्या खाडीपुलावर वारा. हार्बरच्या गाड्या बहुतेक सगळ्याच स्टेशनांवर थांबत जातात, त्यामुळे कुर्ला यायला पाऊण तासाच्या वर लागला. आणि घर बघितलं ते स्टेशनपासून आत बऱ्याच सेक्टरपलीकडे. भाडं 26 हजार, फ्लॅट ऐसपैस, पण स्टेशनला यायला रिक्षाच. सकाळी ती मिळायला वेळ लागतो आणि महिन्याकाठी रिक्षाचे पैसे रेल्वेच्या पासाच्या कितीतरी पट होतात. कुर्ल्याला हार्बरचे प्लॅटफॉर्म पूर्वेच्या अंगाला आणि बीकेसीची वाट पश्चिमेला, म्हणजे सगळा पूल पार करायचा. नवऱ्याला पनवेल-ठाणे गाडीने ऐरोली थेट होती. माझा आकडा एक तास चाळीस मिनिटं आला. ज्यांचं ऑफिस बेलापूर किंवा वाशीला आहे त्यांनी खारघरचा विचार जरूर करावा. आमच्यासाठी ते दोन रिक्षांमध्ये अडकलेलं घर होतं.

घोडबंदर रोडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरगावच्या माणसाला सगळ्यात जास्त जाहिराती तिथल्याच दिसतात आणि त्यांत ‘ठाणे’ असं लिहिलेलं असतं. मी कासारवडवलीला एक टू बीएचके बघितला. बाविसावा मजला, खिडकीतून येऊरचे डोंगर, खाली पोहण्याचा तलाव, लेकीला खेळायला मोठं मैदान. भाडं 30 हजार. मन अगदी तिथेच बसलं. दलाल म्हणाला, ‘मॅडम, स्टेशन वीस मिनिटं.’ मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मुद्दाम तिथे गेले आणि स्टेशनची बस पकडली. मेट्रोच्या कामासाठी रस्त्याच्या मधोमध पत्रे लावलेले, डाव्या बाजूला सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणारी वाहनं, आणि गुजरातकडून येणाऱ्या मालट्रकांची वाट हीच. कापूरबावडीपर्यंत बस अक्षरशः चालत्या माणसाच्या वेगाने गेली. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर, म्हणजे जिथे बस थांबतात तिथे, उतरले तेव्हा पंचावन्न मिनिटं झाली होती, आणि लोकलचा प्रवास अजून सुरूही व्हायचा होता. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, ‘मेट्रो झाली की सोपं होईल.’ होवो, मनापासून वाटतं. पण पुढे होणाऱ्या सोयीवर आजचं भाडं देऊ नये, हे तिथे माझं पक्कं झालं.

मग ठाणे पूर्व, म्हणजे कोपरी. इथे बहिणीच्या मैत्रिणीकडे एक रात्र राहिले. सकाळी साडेआठला निघून चालत दहा मिनिटांत स्टेशन. ठाण्याहून जाणाऱ्या फास्ट गाड्यांकडे मी बघितलंसुद्धा नाही. त्या कर्जत, कसारा, बदलापूरहून भरूनच येतात. मैत्रिणीने सांगितलं होतं, ‘इंडिकेटरवर बघ, ठाण्याहूनच सुटणारी स्लो कुठली ते, आणि तीच धर.’ गाडी रिकामी लागली. चढताना धक्काबुक्की झालीच, पण मला चौथी सीट मिळाली. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. साधारण अर्धा तास. फास्ट गाडीपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त, पण कुर्ल्याला उतरले तेव्हा माझे केस जसेच्या तसे होते आणि हातात वही होती. दारापासून गेटपर्यंत एक तास पंधरा.

संध्याकाळी परत येतानाही हाच नियम लागू पडतो, ते त्याच दिवशी कळलं. कुर्ल्याला मी घाईत कल्याणची फास्ट पकडायला निघाले तर एक बाई जरा रागानेच म्हणाल्या, ‘ठाण्याला उतरायचं ना? मग ठाणे लोकल घ्या की, आम्हाला लांब जायचंय.’ सुरुवातीला वाईट वाटलं, नंतर पटलं. ठाण्याला संपणारी गाडी ठाण्यापलीकडचे लोक घेत नाहीत, म्हणून ती थोडी तरी मोकळी असते. गाडी कुठून सुटते आणि कुठे संपते, यावर तिची गर्दी ठरते. घर निवडताना अंतराच्याही आधी मी आता हे बघते: सकाळी आपल्या स्टेशनहून गाडी सुटते का, आणि संध्याकाळी आपल्या स्टेशनला संपते का.

मुलुंड पूर्वही आम्हाला आवडलं होतं. ठाण्याहून सुटलेली स्लो तिथे येते तेव्हा उभं राहायला जागा असते आणि ऐरोलीला खाडीपुलावरून रस्ता आहे. पण लिफ्ट असलेल्या इमारतीत टू बीएचके 40 हजारांच्या खाली मिळेना. आमचं बजेट 30-32 हजारांचं. विषय तिथेच संपला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे पुन्हा आलो, ते फक्त कोपरीत घर बघायला. दलालाला स्पष्ट सांगितलं, स्टेशनला चालत पंधरा मिनिटांच्या आत आणि लिफ्ट, बाकी इमारत जुनी असली तरी चालेल. असं ठरवून सांगितलं की तो उगाच लांबची घरं दाखवत नाही. जे घर मिळालं ते साधंच आहे. स्वयंपाकघर अमरावतीच्या निम्मं, गॅलरी नाही, पाणी सकाळी ठरावीक वेळेला. भाडं 31 हजार, डिपॉझिट एक लाख, दलालाला एक महिन्याचं भाडं. कासारवडवलीचा तलाव सोडताना लेक रुसली होती, तिला समजावायला वेळ लागला.

कागदपत्रांचं थोडं सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घरभाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नुसता स्टँप पेपरवर नोटरी केलेला घेऊ नका, तो पुढे कुठेच नीट उपयोगाला येत नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते. एजंट घरी मशीन घेऊन आला; घरमालक, आम्ही आणि दोन साक्षीदार यांचे आधारवर अंगठे घेतले. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं 10 टक्के दराने मानलेलं व्याजही धरतात. आमचं साधारण 900 रुपये झालं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एजंटाची फी धरून 3,500 रुपये गेले आणि ते आम्ही व मालकांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. चार-पाच दिवसांनी कराराची प्रत ईमेलवर आली. ती छापून तीन प्रती काढा. एक सोसायटीला ना-हरकत पत्रासाठी लागते, एक शाळेला, एक स्वतःजवळ. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं काम घरमालकाचं असतं, पण झालंय ना ते विचारून घ्या आणि त्याची पोच मागून ठेवा. ‘अकरा महिन्यांच्या आत घर सोडायचं असेल तर किती दिवसांची सूचना’ हे कलम वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आमच्या मसुद्यात सहा महिने घर सोडता येणार नाही अशी अट होती. नवऱ्याची कंपनी जागा बदलेल की काय ही धाकधूक होती, म्हणून ती तीन महिन्यांवर आणून घेतली.

शाळेचं काम त्यामानाने सरळ झालं. चालत जाता येईल अशी शाळा बघितली, कारण आमच्या दोघांपैकी कोणी लोकलमध्ये अडकलं तर सासूबाईंनी तिला आणायला जाता आलं पाहिजे. अमरावतीच्या शाळेतून दाखला काढला. नवीन शाळेने ऑनलाइन मागणी पाठवली आणि जुन्या शाळेने ती मंजूर केली. हे मंजूर होणं उन्हाळ्याच्या सुट्टीत रखडतं, म्हणून शाळा बंद व्हायच्या आत मुख्याध्यापकांना भेटून ठेवा. आम्ही वेळेत भेटलो म्हणून निभावलं.

सामान मेच्या तिसऱ्या आठवड्यात हलवलं. ट्रकचे 38 हजार रुपये पडले, त्यात बांधाबांध आणि चढ-उतार धरून. सोफा अमरावतीतच विकला, तो इथल्या हॉलमध्ये मावलाच नसता. 26 मे रोजी मुंबईत पाऊस इतका लवकर आला की आमची निम्मी खोकी अजून उघडलीही नव्हती.

2 जूनला रुजू झाले. पहिले काही दिवस मी वेळेच्या अर्धा तास आधी निघत होते, नुसत्या भीतीने. पास मोबाइलवर काढता येतो. आता तो रेल्वेच्या रेलवन ॲपवर निघतो. तीन महिन्यांचा एकदम काढलात तर दर महिन्याच्या हिशोबापेक्षा स्वस्त पडतो. पण पहिला पास महिन्याचाच घ्या, म्हणजे सेकंड क्लास झेपतो की फर्स्ट क्लास लागतो ते कळेल. मी सेकंडमध्येच आहे. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत फर्स्टच्या जादा पैशांची मला गरज वाटली नाही.

रुजू होऊन आठवडा झाला आणि 9 जूनला दिवा-मुंब्रादरम्यान तो अपघात झाला. दारात लटकलेले प्रवासी गाडीतून खाली पडले, त्यांतल्या काहींचे जीव गेले. ऑफिसात सगळ्यांचे फोन वाजत होते. बहीण रोज त्याच मार्गाने येते. तिचा ‘पोचले’ असा मेसेज येईपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. दिवा, मुंब्रा, कळवा इथल्या लोकांना भरून आलेल्या गाडीत शिरण्यावाचून पर्याय नसतो. त्यांनी धावपळ करू नये असं सांगणं सोपं आहे. उशीर झाला तर पगार कापला जातो तेव्हा माणूस दारात लटकतोच. ऑफिसांनी वेळा मागे-पुढे करून दिल्या पाहिजेत असं मला फार वाटतं. मी माझ्या साहेबांकडे तोंडी विचारलं, मग अर्ज दिला, आणि जुलैपासून मला साडेनऊऐवजी दहाची वेळ मिळाली. अर्ध्या तासाने केवढा फरक पडतो! कुर्ल्याची रिक्षाची रांग निम्म्यावर येते. नोकरीच्या ठिकाणी ही सवलत आहे का, हे घर शोधण्याच्या आधीच विचारून ठेवा.

ऑगस्टमध्ये मुंबईचा पाऊस काय असतो ते कळलं. 19 तारखेला रुळांवर पाणी साचून सीएसएमटी ते ठाणे मेन लाइन बंद झाली, हार्बरही बंद. आम्ही दोघंही त्या दिवशी घरीच होतो. पण आदल्या दिवशी, 18 ला, मी ऑफिसात होते. दुपारी दोनला सोडलं ते बरं झालं. घरी पोचायला साडेपाच वाजले. कुर्ल्याला गुडघ्याच्या खाली पाणी, गाड्या मुंगीच्या पावलांनी. तेव्हापासून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कपड्यांचा जोड, चार्जर आणि बिस्किटांचा पुडा असतो, आणि बीकेसीजवळ कलिन्याला राहणाऱ्या एका सहकारी ताईंनी सांगून ठेवलंय, ‘अडकलीस तर सरळ माझ्याकडे ये.’

रिक्षाच्या रांगेला मला एक पर्यायही सापडला आहे. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो, आणि थेट बीकेसी. कुर्ल्याच्या वाटेपेक्षा पैसे बरेच जास्त लागतात आणि घाटकोपरला मेट्रोत चढायची रांगही मोठी असते. पण पावसात, किंवा कुर्ल्याला रस्ता तुंबलाय असं कळलं की मी तीच वाट धरते, कारण तिचा वेळ ठरलेला असतो. एरवी 310 ची बस. बेस्टने मे महिन्यात किमान भाडं साध्या बसला 10 आणि एसीला 12 रुपये केलं, तरी रिक्षापेक्षा ती स्वस्तच आहे.

आता दिवाळी होऊन गेली. रोजचा प्रवास दारापासून गेटपर्यंत एक तास दहा मिनिटांच्या आसपास स्थिरावला आहे, वाईट दिवशी दीड तास. नवरा चाळीस मिनिटांत ऐरोलीला पोचतो. ट्रान्स-हार्बरचे प्लॅटफॉर्म कोपरीच्याच बाजूला आहेत, हे त्याला फारच सोयीचं झालंय. सकाळच्या गाडीतल्या तीन-चार जणी आता मला नावाने ओळखतात आणि मी विंडोत बसले की कुर्ल्याची सीट कोणाला द्यायची ते त्यांनीच ठरवलेलं असतं.

लेकीला अजूनही मैदान हवं आहे. रविवारी आम्ही तिला मासुंदा तलावावर नेतो. पण रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, कुठे आहे ते बघूनच मुंबईकडचा बेत ठरवतो. करार एप्रिलमध्ये संपेल. नूतनीकरणालाही दलाल पैसे मागतात असं ऐकलं, म्हणून मालकांशी आत्ताच थेट बोलून घेतलं. ते दीड हजार वाढवून मागताहेत. कासारवडवलीतून स्टेशनपर्यंत जायला जो वेळ आणि पैसा लागला असता, त्याच्या हिशोबाने आम्ही हो म्हटलं आहे.